दोन्ही किडन्यांचं गाऱ्हाणं

आमचे हे बोटीवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. जगभरची बंदरं पालथी घालून आले, पण जिभेला ओळख एकाच चवीची, मिठाची. रिटायर होऊन वाडीत कायमचे राहायला आले तेव्हा मला वाटलं, आता दोघं सुखानं राहू. कसलं सुख! माझ्या हातचं सगळं ह्यांना अळणी. आमटीत वरून मीठ, भातावर मीठ, ताकात मीठ, आणि पानात खारा बांगडा नाहीतर सुकट नसेल तर त्याला जेवण म्हणायचे नाहीत. बोटीवर उभं राहून गुडघे गेलेले, म्हणून रोज दुखण्याची गोळी, कधी दोन. बिडी तर हाताचं सहावं बोट असल्यासारखी.

एक दिवस पाय सुजले. म्हणाले, "डास चावला." दोन्ही पायांना, एकाच वेळी, सारखाच? मी ह्यांना सरळ एस्टीत बसवून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, रक्त तपासायला पाठवलं, आणि कागद हातात आल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "वय झालं की मूत्रपिंडं थोडी थकतातच. ह्यांची जरा जास्त थकली आहेत. गेलेली ताकद परत येत नाही, उरली आहे ती सांभाळायची. मीठ अगदी कमी. सुकी मासळी, पापड, लोणचं बंद. बिडी बंद. त्या गुडघ्याच्या गोळ्या तर आजपासूनच बंद. रक्तदाबाची गोळी न चुकता घ्यायची आणि रोज चालायचं. एवढं केलंत तर पुष्कळ वर्षं निघतील."

"आणि नाय केलं तर?" मी विचारलं.

"तर मुंबईला न्यावं लागेल. रक्त गाळायच्या मशीनवर."

परतीच्या एस्टीत हे म्हणतात कसे, "अगो, तो पोरगा हाय. मिशी तरी धड फुटलीय काय त्याला? आणि वाडीत कोणाकडं बोलू नको. बोटीवरचा माणूस घरी आला आणि मोडला, असं बोलतील लोक."

मी नाही बोलले. चुकलं माझं. मी घरात मीठ मोजून घालायची आणि हे संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून निघायचे ते शेजारच्या हौसाकडे सुकटीची चटणी, खालच्या घरात आप्पांकडे आंब्याचं लोणचं, पुढे यमुनाबाईंकडे पापड असा मुक्काम करत यायचे. चालणं तेवढं होत होतं, ते असं. वाडीला वाटायचं, काय माणूस आहे, एवढा परदेश फिरला तरी आपल्या घरचं गोड मानून खातो! मी भांडले, रुसले, मिठाचा डबा माळ्यावर टाकला. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. मला मात्र ते मशीन झोपेतही दिसायला लागलं.

अशात शिमगा आला आणि देवाची पालखी दारात आली.

आमच्याकडे पालखी घरोघर फिरते. ओटी भरायची, नारळ द्यायचा, मग गुरव त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली सगळी वाडी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणते. एकदा म्हटलं की तो शब्द देवाला दिलेला. मी धाकू गुरवाला आदल्या दिवशीच गाठलं आणि ह्यांच्या दुखण्याचं सांगून ठेवलं.

"किडनी?" धाकूनं विचारलं. "किती असतात?"

"दोन."

"मग दोन्हीचं घालू," धाकू म्हणाला.

पालखी अंगणात टेकली. हे धुतलेलं धोतर नेसून, हात जोडून पुढे उभे. धाकूनं नारळ उचलला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हा तुझा लेकरू सखाराम, दर्यावरनं तू सुखरूप घरी आणलास!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या दोन्ही किडन्या आज थकल्यात, त्यांचा तू सांभाळ कर!"

ह्यांचे मिटलेले डोळे खाडकन उघडले. माझ्याकडे असं बघितलं की पालखी नसती तर मी स्वयंपाकघरातच पळाले असते. पण वाडीचं "व्हय म्हाराजा" होऊन गेलं होतं, आणि धाकूला आता रंग चढला होता.

"आजपासून जो कोण ह्याच्या पानात मीठ वाढील, त्याची विहीर आटूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो तो आपापल्या परीनं ह्याला हातभार लावूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

विहिरीचं मी सांगितलं नव्हतं, पण मनातून खूश झाले. हातभाराचं वाक्य धाकू घर बांधण्यापासून बारशापर्यंत सगळ्याच गाऱ्हाण्यांत घालतो, त्यामुळे तिकडे माझं लक्षच गेलं नाही. तिथंच गोची झाली.

सुरुवातीला मजा होती. पाणी आमच्याकडे उन्हाळ्यात तसंही तळाला जातं, तेव्हा विहीर पणाला लावायला कोण तयार होणार? वाडीतल्या गंगाच्या मुलीच्या लग्नात हे पंगतीला बसले, तर पापडवाला, लोणचंवाला, मिठाचा वाढपी, तिघेही ह्यांच्या पानाजवळ आले की उडी मारून पुढे. हे वैतागून हायवेवरच्या हातखंब्याला गेले, कोणी ओळखीचं नाही असं बघून हॉटेलात भजी आणि तळलेली मिरची मागवली. पहिलं भजं तोंडात घालणार तोच समोर आमच्या वाडीतला बाबू कंडक्टर चहा पीत बसलेला. त्यानं गाडी सोडायची थांबवली, भजी उचलून प्रवाशांना वाटली आणि ह्यांना पुढच्या सीटवर बसवून घरी आणून सोडलं.

"शिमग्यात व्हय म्हटलंय मी, काकी," बाबू म्हणाला. "माझी विहीर नवीन हाय."

पण मीठ बंद करून वाडीचं समाधान होईना. हातभार लावायचा होता ना! हौसा रोज सकाळी तांब्याभर कुळथाचं पाणी घेऊन दारात हजर. आप्पा गोखरूचा काढा पाठवायचे. यमुनाबाईंकडून सकाळी शहाळं, दुपारी शहाळं, पाहुणे आले तर पाहुण्यांदेखत शहाळं. धाकू गुरवानं कसल्याशा मुळीची पूड आणून दिली; कसली ते सांगितलं तर गुण जातो म्हणे. दुबईहून आलेल्या सदूनं, म्हणजे ह्यांच्या पुतण्यानं, शक्तीच्या गोळ्यांची बाटली दिली. गोळी फणसाच्या आठळीएवढी, आणि बाटलीवर छाती फुगवलेला उघडा माणूस. "काका, तिकडं सगळे हेच खातात," असं तो म्हणाला.

मी म्हटलं, "डाक्टरांनी ह्यातलं काय सांगितलेलं नाय."

हौसा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी देवासमोर व्हय म्हटलंय गो, तुझ्या डाक्टरासमोर नाय."

आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, झाडपाल्यानं काय वाईट होणार आहे? हे तर एव्हाना भलतेच खूश. मूत्रपिंडाचा आजारी म्हणून वाडीत जो मान मिळाला तो बोटीवर कप्तानालाही मिळत नसेल. ओट्यावर पाय पसरून बसायचे, येईल ते प्यायचे, आणि कुळथानंतर शहाळं बरं की शहाळ्यानंतर कुळीथ, यावर आप्पांशी वाद घालायचे.

आंबे उतरायच्या दिवसांत पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर कागद बघतच राहिले. मूत्रपिंडं थकल्याचा आकडा वाढला होता, आणि थोडाथोडका नाही.

"मीठ चालू आहे?"

"शपथेवर नाय."

"मग काय काय घेतात?"

मी सांगायला लागले. कुळीथ, गोखरू, शहाळी, मुळी, सदूची बाटली. डॉक्टर लिहून घेत होते. मुळीपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो बाई, ह्यांच्या मूत्रपिंडांना रजा हवी होती. तुम्ही ओव्हरटाइम लावलात. शहाळं तुमच्या माझ्यासाठी चांगलं, ह्यांना रोज इतकं सोसणारं नाही. त्या पुडीत काय आहे ते देवालाच माहीत. शक्तीच्या गोळ्यांची ह्यांना गरजच नाही. सगळं बंद करा. महिन्यानं परत या. तेव्हाही आकडा चढलेला असला तर मुंबईची चिठ्ठी देतो."

परतीच्या एस्टीत हे खिडकीतून बघत होते आणि एकदाही बिडीसाठी खिसा चाचपला नाही. तेव्हा मला कळलं की हेही घाबरलेत. मला रडू आलं. गावचं भलं मन ह्यांचा जीव घेणार होतं, आणि ते मन मीच नारळ देऊन कामाला लावलं होतं.

सोमवारी देवळात आरतीला सगळी वाडी जमते. मी नारळ घेऊन गेले आणि धाकूला म्हटलं, "गाऱ्हाणं माघारी घे."

"माघारी?" धाकू दोन पावलं मागं सरला. "देवाला एकदा सांगितलेलं माघारी घेत नायत. देव काय म्हणंल? आणि माझी मुळी तर..."

"तू नाय घालत तर मी घालते," मी म्हटलं.

बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत आमच्याकडे नाही. देवळात कुजबुज सुरू झाली. पण नारळ माझ्या हातात होता आणि माझा नवराही माझाच होता.

"बा देवा म्हाराजा!" मी ओरडले.

सवय ती सवय. "व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.

"हे चाळीस वर्षं दर्यावर होते! दर खेपेला मी तुला नारळ दिला आणि तू ह्यांना परत आणलास!"

"व्हय म्हाराजा!"

"आता कुठं घरी आलेत. मला अजून हवेत रे."

आधी हौसा पदर तोंडाला लावून म्हणाली, "व्हय म्हाराजा," आणि तिच्यामागून सगळे.

मी डोळे पुसले. आता थांबून चालणार नव्हतं.

"म्हणून हौसाचं कुळथाचं पाणी हौसाच्या घरी राहूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आप्पांचा काढा आप्पांकडं, शहाळी यमुनाबाईंच्या माडावर, सदूची बाटली सदूकडं!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि गुरवाची मुळी जमिनीत राहूंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज धाकूचा. तोंडातून गेल्यावर त्यानं जीभ चावली, पण गेलं ते गेलं.

मी नारळ ठेवणार, इतक्यात हे खांबाजवळून पुढे आले. माझ्या हातातला नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा! ही माझी दमयंती."

वाडीसमोर ह्यांनी माझं नाव जन्मात पहिल्यांदा घेतलं. मला कुठं बघावं ते कळेना.

"हिची पाठ दुखते. दुखली की माझ्याच डब्यातली गुडघ्याची गोळी खाते, कैक वर्षं झाली. माझी बंद केलीन, पण हिची चालूच हाय. जी गोळी माझ्या किडनीला वाईट, ती हिच्या किडनीला काय पेढा हाय?"

"व्ह... नाय म्हाराजा!" वाडी कशीबशी सावरली.

"हिचं पण रक्त तपासूंदे! नाय म्हणाली तर वाडीनं उचलून एस्टीत घालूंदे!"

"व्हय म्हाराजा!" अशी आरोळी उठली की देवळातली पाखरं उडाली.

पुढचा महिना वाडीला फार जड गेला. कोणाला काही न देता नुसतं कसं भेटायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हौसा रिकाम्या हातानं दारात येऊन ओशाळल्यासारखी उभी राहायची. मग तीच ह्यांना चालायला घेऊन जायला लागली, आप्पाही निघाले, आणि संध्याकाळी गप्पा मारत सगळे खाडीपर्यंत जाऊन यायला लागले.

महिन्यानं रत्नागिरीला गेलो ते दोघांचं रक्त द्यायला. बाबू कंडक्टरनं मला दाराजवळ बसू दिलं नाही, मधल्या स्टॉपवर उतरून पळाले असते म्हणून. ह्यांचा आकडा खाली आला आणि माझा धोक्याच्या काठावर, पण अजून अलीकडेच आहे, हे सगळं संध्याकाळी कळलं. सुई टोचायच्या वेळी यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि मी हात पुन्हा पुन्हा मागं ओढत होते. ह्यांनी माझा दुसरा हात घट्ट धरला होता.

"सावकाश टोचा, डाक्टर," हे म्हणाले. "माझी वाट बघून बघून म्हातारी झालीय ती."

"म्हातारी कोणाला म्हणता?" मी म्हटलं, पण हात सोडवला नाही.