सोबत मंडळाचं पहिलं पान

तिने अध्यक्षांचा फोटो उचलला, पानाच्या पार तळाशी नेऊन ठेवला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. अध्यक्षांच्या तोंडाचा चंबू झाला.

सोबत मंडळाची वेबसाइट करायला घेतल्यापासून हेच चाललं होतं. मंडळाचं काम सोन्यासारखं. ज्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात न्यायला कुणी नाही, त्यांच्याबरोबर जायचं, रांगेत बसायचं, घरी आणून सोडायचं. पण पहिल्या पानावर काय हवं, तर खुर्चीतले अध्यक्ष, माइकपुढचे अध्यक्ष आणि त्यांचं लांबलचक मनोगत. फोन नंबर कुठे, तर कोपऱ्यात, मुंगीएवढा. अहो, ज्याला धड दिसत नाही तो तिथवर पोचणार कधी? तीही हट्टाला पेटली होती. नंबर वर हवा, मोठा हवा आणि बोट टेकवलं की फोन लागला पाहिजे.

शेवटी तिनेच तोड काढली. तिचे वडील साधा मेसेज वाचायलाही मोबाइल हातभर लांब धरत. नंबर वर घेतलेलं हे पान त्यांना द्यायचं. कुणालाही न विचारता त्यांनी मंडळाला फोन लावला, तर तिचं खरं. नाहीतर अध्यक्ष म्हणतील तसं. अध्यक्ष खुशीने कबूल झाले.

दुपारी ती वडिलांना मंडळाच्या खोलीत घेऊन आली. तिची एक कडक पद्धत होती. माणूस पान वापरत असताना बनवणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. मदत नाही, खूण नाही, खाकरणंसुद्धा नाही. मधे खरंच काही बोलणार नाहीस ना, हे वडिलांनी दोनदा विचारून घेतलं. एरवी ते काही सांगायला लागले, की 'नंतर, बाबा' म्हणून ती कामात डोकं घालत असे.

वडिलांनी आपल्या मोबाइलवर पान उघडलं, डोळे बारीक केले आणि नंबरावर बोट टेकवलं. फोन स्पीकरवर लागला. या आठवड्यात मंडळाचे फोन घ्यायची पाळी असलेल्या निवृत्त नर्सबाईंनी तो आपल्या घरी उचलला. तिने अध्यक्षांकडे बघून भुवया उडवल्या. झालं, आता बाबा फोन ठेवतील.

"गुरुवारी सकाळी डोळ्याचं ऑपरेशन आहे," वडील म्हणाले. "सोबत कुणीतरी हवं. त्याशिवाय करत नाहीत म्हणे."

अध्यक्ष खुदकन हसले. म्हातारबुवा नाटक झकास करतात, असं त्यांना वाटलं. पण वडिलांनी घरचा पत्ता सांगितला, तो खरा होता. सोबत नव्हती म्हणून मागची तारीख पुढे ढकलावी लागली, हेही सांगून टाकलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आले, पण नियम तिचाच होता.

घरचं कुणी नाही का, बाईंनी हळूच विचारलं.

"मुलगी आहे ना." वडिलांनी मान वर केली नाही. "ही काय, समोरच बसलीय. पण ती कामात आहे."

अध्यक्षांचं हसू मावळलं. तिने हात पुढे केला आणि वडिलांकडून फोन घेतला.

"बाई, ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "गुरुवारी मी जातेय."