बुट्टीवरचा पंचा

“अण्णा, पंचा कशाला टाकताय? जयाक्का हाय ती.”

तोवर अण्णांनी टाकलासुद्धा. शेजारच्या जयाबाई ताकाचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या, तेव्हा कोपऱ्यातली वेताची बुट्टी पंच्याखाली गेली होती. जयाबाईंनी नेहमीसारखी तिकडे एक तिरकी नजर टाकली, तांब्या ठेवला आणि गेल्या. बावीस वर्षं शेजारी राहून त्या बुट्टीत काय आहे ते त्यांना कळलेलं नाही. गल्लीत त्या सांगतात, सोनं आहे. कर्म माझं! सोनं असतं तर मी वडगावच्या ह्या दोन खोल्यांत सकाळपासून कपाळाला हात लावून बसले असते का?

समोर कॉम्प्युटर उघडा होता आणि त्यात ती ओळ. ऑगस्टमध्ये मीच तपासलेली, मीच ‘ठीक आहे’ म्हणून सही केलेली. ठीक नव्हती.

माझं काम सांगायला गेलं की लोक जांभया देतात, म्हणून मी सांगत नाही. बेंगळूरूच्या एका कंपनीची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ती भाड्याच्या मोठमोठ्या सर्व्हरवर चालते. एकाच यंत्रावर दहा जणांचं काम, आणि एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये. त्या सिस्टिमचा कोड मी सात वर्षं ओळन् ओळ वाचते. जिथं गळती होऊ शकेल तिथं अडसर घालते. अडसर घातला की यंत्र जरा मंद होतं, मग सगळे मला बोलतात. नाही घातला तर कुणीच बोलत नाही. आता कळलं असेल, मी दमलेली का असते ते.

“काय झालंय गं?” अण्णांनी विचारलं. “सकाळधरनं तोंड पाडून बसलीयास.”

“चुकलंय माझं एक.”

“सांग की मग. मला काय कळत न्हाय व्हय?”

मी सांगितलं. एरवी सांगितलं नसतं, पण त्या दिवशी दुसरं होतं कोण? म्हटलं, प्रोसेसर म्हणून जो कॉम्प्युटरचा मेंदू असतो, त्याला थांबायला आवडत नाही. हे काम करायचं की नाही, याची तपासणी संपायच्या आधीच तो अंदाजानं पुढचं करून ठेवतो. बरोबर निघालं तर वेळ वाचला. चुकलं तर केलेलं मोडून टाकतो. पण मोडलं तरी मागं खूण राहते. काय उचलून जवळ आणलं होतं, ते टपून बसलेल्याला कळतं.

अण्णा बुट्टीकडे बघत होते.

“म्हंजे चिठ्ठी यायच्या आधी कांड्या भरतंय तुझं मशीन,” ते म्हणाले.

मी बघतच राहिले. सात वर्षांत मोठ्या साहेबांना मी तीनदा चित्रं काढून दाखवली होती, तरी त्यांना हे कळलं नव्हतं.

अण्णांना कळणारच. ते विणकर. खडेबाजारातले नागेंद्रशेठ दर सोमवारी चिठ्ठी पाठवायचे, ह्या आठवड्याच्या साडीला रंग कुठले, काठ कुठला. अण्णांना शेठच्या मनातलं आधीच कळायचं. चिठ्ठीची वाट न बघता रविवारीच आईला सांगून रंगीत सुताच्या कांड्या भरून बुट्टीत ठेवायचे. दिवस वाचायचा. अंदाज चुकला तर कांड्या उकलायच्या आणि दुसऱ्या भरायच्या.

मी बारावीला होते त्या वर्षी दिवाळीआधी शेठनी एक नवी साडी मनात धरली होती. चिंतामणी रंगाचं अंग आणि राणी रंगाचा काठ. कुणाला सांगायची नाही, एकदम दुकानात टांगायची. अण्णांनी रविवारी त्याच कांड्या भरल्या. सोमवारी चिठ्ठी आली, आत्ता नको, पाडव्यानंतर बघू. आईनं कांड्या उकलल्या, पण सुताची टोकं बुट्टीच्या तळाशी तशीच राहिली. रोज चहाला येणारा शामू, अण्णांचा मावसभाऊ, बुट्टीशेजारीच बसायचा. घरचाच माणूस, त्याच्यापासून काय झाकायचं? पंधरा दिवसांत शेठच्या समोरच्या दुकानात चिंतामणी साडी लागली, राणी काठाची.

शेठनी बारा मागवाल्यांना बोलावून विचारलं. कुणाला काही सिद्ध करता आलं नसतं. अण्णाच उठून म्हणाले, “माझ्या बुट्टीतनं गेलंय.” त्यानंतर शेठची चिठ्ठी आमच्या घरी कधी आली नाही. दोन वर्षांनी माग विकला, बुट्टी तेवढी ठेवली, आणि कुणी आलं की अण्णा तिच्यावर पंचा टाकायला लागले. आई निपाणीची, विड्या वळायला माहेरी शिकलेली. ती परत विड्या वळायला बसली, ते शेवटपर्यंत. तिच्या बोटांना तंबाखूचा वास यायचा. तिनं वाढलेल्या भाताला तो वास येतो म्हणून मी एकदा ताट सारलं होतं. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

माझी चूक तरी वेगळी कुठं होती? त्या ओळीतला आकडा सिस्टिमच्या आतूनच येतो असं मी धरून चालले. आतलाच आहे, त्याला कशाला अडसर? आज परत वाचताना दिसलं, की बाहेरचा कुणीही तो आकडा दोन दारं ओलांडून तिथवर पोचवू शकतो.

“मग घाल की तो अडसर,” अण्णा म्हणाले. “तूच घालणार, तूच बघणार. कुणाला कळतंय?”

“नव्यात घालीन. पण ऑगस्टपासनं ते जुनं हजार ठिकाणी चालू हाय, अण्णा. दवाखान्यांची कागदं हाईत त्यात. त्यांना सांगितल्याबिगर ते कसं बदलणार?”

“आणि सांगितलंस तर?”

तर काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. येत्या जूनपासून कंपनीनं सगळ्यांना बेंगळूरूला परत बोलावलं होतं. घरून काम फक्त टीमच्या प्रमुखाला. ते पद येत्या शुक्रवारी मला मिळणार होतं. ज्याच्या सहीनं भोक राहिलं त्याला त्या वर्षी पद नाही, असा तिथला नियम. म्हणजे अण्णा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इथं एकटे. बेंगळूरूला ते येणार नव्हते. एकदा नेलं होतं, सहा दिवसांत जेवण सोडलं त्यांनी.

“सांगू नगंस,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही म्हणताय हे?”

“मीच म्हणतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सांगितलं, तर काय मिळालं? शेठनी पाठ थोपटली? तुझ्या आईनं पंधरा वर्सं विड्या वळल्या, त्या माझ्या खरेपणापायी. लोकं म्हणत्यात, सुबराव लई सरळ माणूस. सरळ माणूस! बायकोला इचारलंवतं का मी? सांगू नगंस गं. मी म्हातारा झालोय.”

मला त्यांचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग. जेवायची वेळ झाली होती. भाकरी थापली, ताक वाढलं, दोघं जेवलो. मग भांडी घासली. घासलेली परत घासली.

तीन वाजता ब्राह्मीला फोन केला. ती आमची साहेब, चिकोडीची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. माझ्याशी मराठीतच बोलते.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “अक्का, शनिवारी सापडलं असतं तर?”

“आज सापडलंय.”

“दुसऱ्या कुणाला दिसलंय?”

“न्हाय.”

मला ते पद कशासाठी हवं होतं, ते तिला माहीत होतं. शेवटी म्हणाली, “लिहून पाठवा. मी वर कळवते. पद सौरवला जाईल, अक्का. मला लई वाईट वाटतंय.”

“वाटू दे,” मी म्हणाले. काही तरी शहाण्यासारखं बोलायचं होतं, ते सुचलं नाही.

लिहून पाठवलं. कुठली ओळ, कधीपासून, कुणाची सही. सहीपुढं माझं नाव लिहिलं. मग बाहेर आले. अण्णा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

“सांगितलंस?”

“व्हय.”

“तुझ्या आईचा हट्टीपणा काय न्हाय तुझ्यात,” ते भिंतीला म्हणाले. “माझाच हाय समदा.”

पुढचे दोन महिने ह्या विषयावर आम्ही बोललो नाही. त्या जुन्या यंत्रांवर अडसर बसला, कुणाचं काही गेल्याचं आढळलं नाही, प्रमुख झालेल्या सौरवनं पेढे पाठवले. ते पेढे अण्णांनी खाल्ले नाहीत. जयाबाईंनी दोन वेळच्या भाकरीचं कबूल केलं.

एक जूनला सकाळी बॅग भरून दारात ठेवली. जयाबाई किल्ली घ्यायला आल्या. त्या उंबऱ्यात दिसल्या मात्र, अण्णांचा हात सवयीनं पंच्याकडे गेला. पंचा बुट्टीवरच होता. त्यांनी तो उचलला, झटकला, चार घड्या घातल्या आणि माझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेवला.

“हे कशाला, अण्णा?”

“घिऊन जा. तिथं नवी माणसं असतील. उठून कुठं गेलीस तर तुझ्या त्या मशीनवर टाकून जात जा.”

मला हसू आलं आणि डोळे भरून आले. त्यांना काय सांगू, पंच्यानं ते झाकत नाही म्हणून? घेतला.

जयाबाईंना मात्र आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. बावीस वर्षांनी बुट्टी उघडी होती. त्या दोन पावलं पुढं आल्या, वाकल्या, आत हात घालून बघितलं.

“अगं बया! अण्णा, ह्यात तर काय बी न्हाय की!”

“न्हायच,” अण्णा म्हणाले. “चला, तिची बस चुकंल.”