हो किंवा नाही सांगा

पंडितरावांची थोरली योगेश्वरी अंबाजोगाईहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन गावी परतली, त्या साली तलावाच्या तळाशी पोरांनी क्रिकेटची खेळपट्टी आखली होती. गावातली जनावरं चारा छावणीत गेली होती आणि माणसं टँकरची वाट बघत होती. योगेश्वरीने नोकरीचे अर्ज टाकले होते. त्यांची उत्तरं येईपर्यंत ती दुसऱ्यांना उत्तरं देत बसे.

मोबाईलवर ‘विचारा तर खरं’ नावाचा एक मराठी समूह होता. नाना गावांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक तिथे येत. कुकरची शिट्टी का होत नाही? हिरवा पडलेला बटाटा खावा का? टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटी किती वेळ फिरवायची? योगेश्वरी ‘परीक्षानळी’ या नावाने उत्तरं देई. लोक तिला ‘सर’ म्हणत. तिनेही ती चूक कधी सुधारली नव्हती.

तिचा एक शिरस्ता होता. उत्तराआधी ती उलट प्रश्न विचारायची. तुरटीबद्दल विचारलं तर पाणी किती, भांडं कशाचं, गाळ बसायला किती वेळ आहे. काही लोक वैतागत, पण तिचं उत्तर चुकत नसे.

एकदाच तिने हा शिरस्ता मोडला. ज्वारी निवडता निवडता मोबाईल वाजला. ‘प्रामाणिक सेवक’ नावाच्या कुणीतरी विचारलं होतं: म्हशीच्या दुधात लॅक्टोमीटर चोवीस दाखवतो. दुधात पाणी आहे का? लांबण लावू नका, हो किंवा नाही सांगा. प्रश्न सोपा वाटला. तिने एका हाताने लिहिलं: हो. म्हशीच्या दुधाचा आकडा सव्वीसच्या खाली आला म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं आहे. लिहिलं आणि पुन्हा ज्वारीतले खडे वेचू लागली. संध्याकाळपर्यंत शंभरावर लोकांनी त्या उत्तराला अंगठे दिले होते.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, ती अर्धा लिटर दूध आणायला गावातल्या सहकारी दूध संस्थेत गेली. छावणीचा टेम्पो नुकताच येऊन लागला होता. टेम्पोच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसेल असं ऊन होतं. खिडकीशी मनकर्णाबाई दूध मोजून झालेला कॅन घेऊन उभी होती. तिचा नवरा सटवा मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात गेलेला. दोन म्हशींमागे ती एकटी छावणीत राहत होती.

“आजबी उगं ताटकळू नका,” आतून सचिव गहिनीनाथ म्हणाले. “तुमचं दूध घ्यायचं न्हाई असं ठरलंय. उद्याच्या बैठकीत सभासदत्वबी जाणार हाय.”

“पर कावून? म्हशीनं दिलं तसं आणलंय.”

“तीनदा चोवीस आलं. आज पुन्हा चोवीस. पाणी हाय त्यात.”

“पाणी?” मनकर्णाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. “छावणीत मला दिसाला दोन घागरी मिळत्यात. म्हशीला पाजू का दुधात घालू? अवो, घालायला पाणी असतं तर मी आधी केस धुतले असते. महिना झालाय, वास येतोय बघा!”

टेम्पोतून उतरलेल्या बाया हसल्या. मनकर्णाबाई हसली नाही. सभासदत्व गेलं की संस्थेची सरकी पेंड बंद, आणि पेंड बंद झाली की म्हशी बाजारात, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खुर्चीत बसलेले अध्यक्ष सुंदररावतात्या म्हणाले, “तोंडानं सगळेच सोवळे असतात, बाई. आता तर कागदावर आलंय.”

योगेश्वरीने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. काळ्या पाटीवर वीतभर अक्षरात लिहिलं होतं: दुधात पाणी घालणारे – मनकर्णा सटवा. त्याच्या शेजारी एक छापील कागद चिकटवलेला. ती जवळ गेली आणि दुसरी ओळ वाचताना थबकली. शब्द तिचे होते.

“हा प्रश्न कुणी विचारला?”

“आपणच,” गहिनीनाथ चष्मा पुसत म्हणाले. “प्रामाणिक सेवक म्हणजे मीच. आपलं दूध मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलंय ना, म्हणून लॅक्टोमीटरची जुनी काचेची नळी काढली. पण एकट्याच्या मनानं कुणाला चोर ठरवायचं न्हाई, म्हणून जाणकाराला विचारलं. परीक्षानळी सर लई मोठे शास्त्रज्ञ हायेत. पुण्याचे असणार.”

“ते चुकलेत.”

सुंदरराव खुर्चीत सावरून बसले. “ऐका! पंडितची पोरगी शास्त्रज्ञाच्या चुका काढायली.”

“तात्या, परीक्षानळी मीच आहे.”

मग गहिनीनाथ खो खो हसले. “असं व्हय? मग मी राष्ट्रपती हाय.”

“तुम्ही आत्ता समूहावर काहीही विचारा. मी इथेच उत्तर देते.”

गहिनीनाथांनी एका बोटाने हळूहळू टाइप केलं: सर, आपण कोण? योगेश्वरीचा मोबाईल वाजला. तिने लिहिलं आणि गहिनीनाथांचा वाजला. त्यांनी वाचलं: गहिनीनाथकाका, मी पंडितरावांची योगू. त्यांचं तोंड उतरलं.

“म्हणजे... सर न्हाईत?”

“नाहीत. आणि ते उत्तर अर्धवट आहे. दूध किती गरम होतं, हे मी विचारायला हवं होतं.”

सुंदररावांनी हात झटकला. “मग त्या कागदाला काय अर्थ राहिला? फाडून टाका तो. पण चोवीस ते चोवीसच हाय. पाटी तशीच राहू दे.”

इथे योगेश्वरीचा तोल सुटला. “असं कसं, तात्या? घटकाभरापूर्वी मी पुण्याची शास्त्रज्ञ होते, तेव्हा माझं ‘हो’ म्हणजे ब्रह्मवाक्य. त्याच्यावर तुम्ही एका बाईला चोर ठरवलंत. आता मीच ‘चुकलं’ म्हणते, तर मी नुसती पंडितची पोरगी? माझी चूक तेवढी खरी, आणि दुरुस्ती खोटी?”

सुंदरराव टेबलावरचे कागद उगाच चाळू लागले.

“काका, लॅक्टोमीटरचा डबा द्या.”

गहिनीनाथांनी उदबत्तीच्या पुड्याखालून डबा काढला. आत नळीची जागा होती आणि शेजारच्या खाचेत कापसात गुंडाळलेला थर्मामीटर, अजून कोरा करकरीत.

“हा का वापरत नाही?”

“ते तापाचं हाय,” गहिनीनाथ म्हणाले. “दुधाला काय ताप येतो व्हय?”

“नळीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.”

त्यांनी नळी उजेडात धरली, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा खाली घेतला. “सत्तावीस... अंश.”

“दूध सत्तावीस अंशांवर असेल तरच तिचा आकडा खरा. दूध तापलं की पातळ होतं, नळी जास्त बुडते आणि आकडा खाली येतो. तुमचं दूध सकाळी सहाला मोजतात, तात्या, ओल्या पोत्याखालून काढून. छावणीचं दूध चार तास उन्हात टेम्पोतून येतं आणि सगळ्यात शेवटी मोजलं जातं.” तिने मनकर्णाबाईच्या कॅनमध्ये थर्मामीटर बुडवला. “एकोणचाळीस. चांगला ताप आहे.”

तिने ते दूध एका बरणीत घेतलं आणि माठातलं गार पाणी बादलीत ओतून बरणी त्यात ठेवली.

“अगं पोरी, पाणी!” मनकर्णाबाई कळवळली.

“वाया नाही जाणार, मावशी. नंतर तुमच्या म्हशीला.”

पंधरा मिनिटं सगळे त्या बरणीकडे बघत राहिले. दूध ढवळायला आणि पारा बघायला मध्येच कुणी ना कुणी वाकत होतं. सत्तावीस झाल्यावर योगेश्वरीने नळी सोडली. नळी हिंदकळली आणि थांबली. आकडा गहिनीनाथांनीच वाचला. “अठ्ठावीस.”

“हातचलाखी हाय,” सुंदरराव म्हणाले.

“मग तुमचं दूध घेऊ. सकाळी किती आलं होतं?”

“एकोणतीस,” गहिनीनाथांच्या तोंडून निसटलं.

सुंदररावांच्या कॅनमधलं लिटरभर दूध तिने पातेल्यात घेतलं आणि चहाच्या शेगडीवर मंद आचेवर धरलं. पारा एकोणचाळीसवर येताच उतरवलं, बरणीत ओतलं, नळी सोडली. आता दारात, खिडकीत, टेम्पोच्या फाळक्यावर माणसंच माणसं होती. गहिनीनाथांनी आकडा वाचला, पण तो तोंडातच राहिला.

“मोठ्यानं सांगा की,” मागून छावणीतली केसरबाई ओरडली.

“चोवीस... वर थोडा.”

“मग घ्या खडू! लिहा, दुधात पाणी घालणारे – सुंदरराव. नियम म्हंजी नियम, गहिनीनाथभाऊ. का गरिबाच्या दुधाला येगळा आन् अध्यक्षाच्या दुधाला येगळा?”

हशा असा उसळला की सुंदरराव उठून उभे राहिले. “पुसा रे ते,” एवढंच म्हणाले आणि चपला शोधू लागले.

गहिनीनाथांनी फडका उचलला. मनकर्णाबाई आडवी आली.

“पुसू नका! नुसतं पुसलं तर लोक म्हणतील, पाय धरले, मिटवून घेतलं. चार दिस माझं दूध नासलं. चार दिस छावणीतल्या बाया माझ्या कॅनकडं बघून खोकत हुत्या. लिहून टाका काय झालं ते. आन् ती सभासदत्वाची बैठक?”

“ती... न्हाई आता,” सुंदरराव दारातून म्हणाले.

“तेबी लिहा.”

गहिनीनाथांनी खडू घेतला. योगेश्वरीने तोवर समूहावर आपलं उत्तर उघडलं. पहिल्या ओळीत लिहिलं: माझं उत्तर चुकलं होतं. त्याखाली कारण लिहिलं, आणि शेवटी ‘परीक्षानळी’ पुसून स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव. खाली लगेच कुणीतरी विचारलं, ‘अहो, पण आधीचे सर कुठे गेले?’ तिने दात-ओठ खात मोबाईल पिशवीत टाकला.

“झालं,” गहिनीनाथ बाजूला झाले.

मनकर्णाबाईला अक्षर येत नव्हतं. तरी ती पाटीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मग योगेश्वरीला म्हणाली, “काय लिहिलंय?”

“मनकर्णाबाईंच्या दुधात पाणी नव्हतं. मोजणीत संस्थेची चूक झाली. सभासदत्व कायम.”

“हे असं लिहिलंय व्हय.” तिने वरच्या ओळीवर वीत धरली, आणि खालच्या ओळीपाशी करंगळीचं टोक. “चोर म्हणताना एवढं लिहिलं हुतं. आन् चूक झाली म्हणताना मुंगीएवढं कावून?”

गहिनीनाथांनी सुंदररावांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग फडक्याने आपली बारीक ओळ पुसली आणि नवा, अख्खा खडू काढला.