एका गोळीची रायफल

शंतनूने रायफल खांद्याला लावली, गाल लाकडाला टेकवला आणि भिंतीवरच्या एल्क हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला. नेत्राने नकळत स्ट्रोलर मागे ओढला. रायफल रिकामी होती, दुकानदाराने उघडून दाखवली होती, तरीही.

"बाबा फोटो काढतोय," स्ट्रोलरमधून अनन्याने जाहीर केलं.

"हो गं, फोटोच."

शंतनूने रायफल खाली घेतली आणि डेलकडे पाहिलं. डेल त्याच्या ऑफिसातला, रिटायर व्हायला टेकलेला माणूस. चँडलरच्या घरून मेसाच्या या बंदुकांच्या दुकानात त्यानेच त्यांना आणलं होतं. तो नेत्राशी नेहमी सावकाश इंग्रजी बोलायचा, जणू तिने एम.एस्सी. मोडी लिपीत केली होती. पण आज त्याचं सगळं लक्ष शंतनूकडे होतं.

"मॅगझीनवाली बघणारच नाहीस? एक हुकली तर दुसरी तयार असते."

"तूच म्हणालास ना, एकच गोळी असली की माणूस आधी थांबतो, मग घोडा ओढतो."

"म्हणालो खरा. पण सगळे माना डोलावतात, आणि जाऊन पाच गोळ्यांची घेतात." डेल हसला. त्याला बरं वाटलं होतं, ते दिसत होतं.

ॲरिझोनात एल्क मारायचा परवाना सोडतीत निघतो. डेल वर्षानुवर्षं अर्ज करत होता. यंदा त्याने शंतनूचं नाव आपल्या अर्जावर जोडलं आणि दोघांनाही परवाना लागला. शंतनू त्या दिवशी म्हाडाचा फ्लॅट लागल्यासारखा घरी आला होता. पुण्याला फोन झाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "शिकार? अरे, आपल्या घरात झुरळ मारायलासुद्धा शेजारच्या पुरुषोत्तमला बोलवावं लागतं!" मग आवाज उतरवून त्यांनी नेत्राला विचारलं होतं, "आणि त्याची ॲसिडिटी?"

"आता बरीच बरी आहे, आई."

ॲसिडिटी हे नाव नेत्रानेच ठेवलं होतं. मागच्या हिवाळ्यात शंतनू ऑफिसातून येऊन गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहायचा. दिवा न लावता. कारण विचारावं तर सांगता येण्यासारखं काही नव्हतं. नोकरी होती, ग्रीन कार्ड आलं होतं, अनन्या नुकती बोलायला लागली होती. जेवण मात्र जाईना. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना, पुण्याला, नागपूरला माहेरी, सगळीकडे एकच उत्तर गेलं: ॲसिडिटी. मग काय, कुणी आवळा सुचवला, कुणी थंड दूध. शंतनूने दोन्ही निमूटपणे घेतलं.

त्या दिवसांत नेत्राने गोळ्यांची बाटली स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. एकदा त्याला अंघोळीला वेळ लागला आणि ती दाराला कान लावून उभी राहिली. तो बाहेर आल्यावर म्हणाली, "लॉक नको लावत जाऊस. अनन्या दार बडवत बसते." त्याने मान हलवली. तेव्हापासून त्या घरातलं बाथरूमचं लॉक कुणी लावलं नव्हतं.

आणि मग एका शनिवारी डेल त्याला डोंगरात चालायला घेऊन गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा. तिसऱ्यांदा शंतनू परत आला तो बुटाला चिखल घेऊन, आणि दारातच म्हणाला, "काहीतरी खायला आहे का गं?" नेत्राने सकाळची भाजी गरम करताना ओट्याकडे तोंड करून डोळे पुसले होते.

म्हणजे त्याला परत आणलं ते या डोंगरांनी, या माणसाने आणि या एल्कच्या नादाने. ते तोडायचं कसं? आणि घरात रायफल आणायची तरी कशी? आठवडाभर ती मनात एकच वाक्य घोळवत होती: डेलकडेच ठेवू या. साधं वाक्य. पण शंतनूने 'का?' विचारलं असतं, तर पुढचं वाक्य तिच्यापाशी नव्हतं.

"ही बघ," डेल म्हणाला.

दुकानदाराने काचेच्या टेबलावर दुसरी रायफल ठेवली. अक्रोडाचं लाकूड, त्यात मधाच्या रंगाच्या रेघा. घोड्याखालची तरफ खाली ओढली की पोलादी ठोकळा सरकन खाली जायचा आणि एक गोळी घालण्यापुरतं तोंड उघडायचं. शंतनूने ती उचलली आणि नेत्राला लगेच कळलं, ही त्याला आवडली. काही कापड हातात घेतल्यावरच आपलं वाटतं, तसं. त्याने तरफ दोनदा चालवली. तो आवाजही सुरेख होता, हे तिला कबूल करावं लागलं.

"हीच," डेल म्हणाला. "एल्कसाठी एका गोळीची घ्यायची तर हीच. नातवंडांना देशील."

शंतनूने रायफलवरून बोटं फिरवली. बराच वेळ. मग दुकानदाराला विचारलं, "सुटी होते का ही?"

"स्क्रू-ड्रायव्हर, वेळ आणि माझ्यासारखा माणूस असेल तर होते."

"मग ती दाखवा." त्याने मागच्या रांगेतल्या एका काळपट, साध्या रायफलकडे बोट केलं. ती बिजागरीवर मधोमध मोडायची. दुकानदाराने खालचं लाकूड सोडवलं, एक खीळ ढकलली, आणि नळी एका हातात आली, दस्ता दुसऱ्या हातात. जोडायलाही तेवढाच वेळ.

"नुसती नळी म्हणजे पाइप," दुकानदार म्हणाला, "आणि नुसता दस्ता म्हणजे महागडी काठी."

शंतनूने दोन्ही भाग हातात घेतले, मग पुन्हा जोडले. खांद्याला लावून पाहिली. दस्ता त्याला जरा आखूड होता.

"ही द्या."

डेलच्या भुवया वर गेल्या. "ही मारते सरळ, तसं काही नाही. पण ती दुसरी तुझ्या अंगाला बसली होती, मुला."

"ही गाडीत मावते," शंतनू म्हणाला.

"माझा ट्रक काय टूथपेस्टएवढा आहे?"

शंतनू नुसता हसला. डेल चुकचुकला.

परतताना अनन्या मागच्या सीटवर झोपून गेली. सप्टेंबर उतरणीला लागला होता तरी रस्त्यावर ऊन रणरणत होतं. दुसऱ्या सिग्नलला नेत्राने ते वाक्य काढलं.

"डेलकडेच ठेवली तर?"

"डेल मार्चमध्ये मुलीकडे ओरेगॉनला चाललाय. कायमचा."

"तोपर्यंत तरी. अनन्या आहे ना घरात. हल्ली सगळी कपाटं उघडते."

सिग्नल हिरवा झाला. शंतनूने गाडी पुढे काढली.

"हं," तो म्हणाला. "अनन्या आहे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट, लहान मुलाची थाप ऐकून घ्यावी तसं काहीतरी होतं. नेत्रा खिडकीबाहेरच्या निवडुंगांकडे बघत राहिली.

संध्याकाळी ती पोळ्या करत होती. अनन्या जमिनीवर कणकेचा गोळा चेपत बसली होती. शंतनू गॅरेजमधून आला आणि जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबट त्याने ओट्याच्या कोपऱ्यावर, पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलं.

"हे काय?"

"नळी." त्याने टॉवेलचं टोक नीट आत खोचलं. "दस्ता माझ्या कपाटात आहे. ही तुझ्याकडे राहू दे."

नेत्राच्या हातातलं लाटणं थांबलं.

"नोव्हेंबरात शिकारीला निघायच्या दिवशी दे. आलो की परत घे." तो तिच्याकडे न बघता तव्यावरच्या पोळीकडे बघत होता. "आणि कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस."

तव्यावरची पोळी टम्म फुगली, मग एका कडेने फुस्स करून बसली. ती उलटायचं कुणालाच सुचलं नाही. करपल्याचा वास आला, तेव्हा शंतनूनेच ती चिमट्याने उचलली.

"ती दुसरी छान होती," नेत्रा कशीबशी म्हणाली. "लाकूड काय सुंदर होतं तिचं."

"होतं ना?" तो म्हणाला. "पण एका जागी राहणारी होती."

त्याने करपलेली पोळी स्वतःच्या ताटात ठेवली, अनन्याच्या केसांतून हात फिरवला आणि अंघोळीचा पंचा खांद्यावर टाकून आत गेला. नेहमीसारखं दार नुसतं लोटलेलं. नळ सुरू होण्याआधीची शांतता तिला पाठ होती. त्या शांततेला कान लावायची तिची सवय इतकी जुनी झाली होती की लाटणं आपोआप थबकायचं.

तिने गॅस बारीक केला. कणकेचे हात तसेच घेऊन ती पॅसेजपर्यंत गेली.

"शंतनू."

"काय गं?"

"लॉक लाव. अनन्या उगाच आत घुसते."

 आतून लॉकचं बटण दाबल्याचा बारीकसा आवाज झाला.

नेत्रा ओट्याशी परतली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.