पहिल्या कप्प्यातले कार्ड

मित्रांनो, त्या रविवारी सकाळी काहीही वेगळे घडले नाही. हेच मला अजून पटत नाही.

आमच्या बाईंची मुलगी दर रविवारसारखी आली. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण लहानपणी तिचे अक्षर मुंगीएवढे होते. बाई ओट्यापाशी चहा उकळत होत्या. मागे वळून म्हणाल्या, "ते दे गं जरा. ते हे... ज्याने चहा गाळतात ते."

"गाळणी, आई!" मुंगी हसली. "जन्मभर पोरांना परकी भाषा शिकवलीस आणि आता आपल्या भाषेतली गाळणी सापडेना?"

"म्हातारी झाले. चालायचंच," बाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या.

जाताना मुंगी पायात चपला सरकवत म्हणाली, "आणि तो नळवाल्याचा किस्सा तू मला तिसऱ्यांदा सांगितलास हं. पुढच्या रविवारी नवीन काहीतरी शोधून ठेव."

दार लागल्यावर बाईंनी गाळणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग माझ्याजवळ येऊन बसल्या. एक कोरे कार्ड घेतले, एका बाजूला गाळणीचे चित्र काढले, दुसऱ्या बाजूला शब्द लिहिला, खाली तारीख घातली आणि कार्ड माझ्या पहिल्या कप्प्यात ठेवले.

आता मी कोण ते सांगते. मी एक लाकडी पेटी आहे, जुनी, बिनझाकणाची, पाच कप्प्यांची. शाळेतल्या मोडक्या बाकाच्या फळ्यांपासून सुतारकाकांनी मला बनवले. माझ्या बुडाला अजून कुणीतरी कर्कटकाने कोरलेले अर्धे नाव आहे.

"बाई, एवढ्याशा पेटीला पाच खण? खिळे ठेवायचेत का?" सुतारकाकांनी विचारले होते.

"शब्द ठेवायचेत."

"मग कुलूप लावून देऊ?"

"कुलूप नको, झाकणही नको. रोज हात गेला पाहिजे." सुतारकाका मान हलवत गेले. शिकलेल्या माणसांचे काही कळत नाही, असे ते बाहेर शिपायाला म्हणाले. ते मी ऐकले.

बाई शाळेत परकी भाषा शिकवत. त्यांची रीत अशी होती. रोज दहाच नवे शब्द. "एका दिवसात शंभर गिळलेत तर शंभर ओकाल," असे त्या बजावत. कार्डाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द आणि त्या शब्दाचे स्वतःच्या घरातले एक वाक्य. पुस्तकातले वाक्य चालत नसे. चित्र बघायचे आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. आठवला नाही तर लगेच कार्ड उलटायचे नाही, थोडा वेळ डोके खाजवायचे. बरोबर आले की एक उभी रेघ आणि कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकले की एक टिंब आणि कार्ड परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. शब्द विसरायच्या बेतात असतो तेव्हाच त्याला हाक मारायची.

टिंब मिळाले की मुले रडवेली होत. तेव्हा बाई म्हणत, "अरे, पहिला कप्पा म्हणजे शिक्षा नाही, माहेर आहे. शब्द दमला की माहेरी येतो. चार दिवस राहतो आणि धीर धरून परत जातो."

माझे फार कौतुक झाले. दुसऱ्या शाळांचे शिक्षक मला बघायला येत, माझी मापे घेऊन जात. घोकंपट्टी करणारी मुले वर्षभराने सगळे विसरत, माझी मुले विसरत नसत.

पण एक गोष्ट मी कधी विसरले नाही. मुंगी आठवीत असताना आपल्या आईच्याच वर्गात होती. वर्गात ती आईला 'बाई' म्हणायची. एके दिवशी बाईंना माझ्या पाचव्या कप्प्यात मुंगीची तीस कार्डे दिसली. सगळ्यांवर नीटस रेघा. शेजारच्या मुलीने सांगून टाकले, "बाई, ही मोठ्याने म्हणतच नाही. मनातल्या मनात म्हणते आणि रेघ मारते."

बाईंनी वरचे कार्ड उचलले. "म्हण."

मुंगी उभी राहिली. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले, "बाईंचीच मुलगी मुकी!" आणि वर्ग फिदीफिदी हसला. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी तीसही कार्डांवर टिंबे दिली आणि सगळी पहिल्या कप्प्यात टाकली. त्या दिवशी माहेराचे नाव त्यांच्या तोंडून निघाले नाही.

त्यानंतर मुंगी आईसमोर त्या भाषेतला एकही शब्द बोलली नाही. पुढे ती त्याच भाषेतून औषधांची माहितीपत्रके भाषांतरित करू लागली, त्यावरच तिचे घर चालते. बाई शेजारणीला सांगत, "माझ्या मुलीची भाषा छापून येते. ऐकू मात्र येत नाही." हसत सांगत. पण ती तीस टिंबे दोघींच्या मध्ये तशीच राहिली. एकीने विचारले नाही, दुसरीने सांगितले नाही.

मग शाळेत शब्द शिकवणारी पडद्यांची यंत्रे आली. मी भांडारात गेले, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी मला घरी आणले आणि कपाटावर ठेवले. वर्षानुवर्षे माझ्यावर धूळ बसली.

दीड वर्षापूर्वी बाईंनी मला खाली उतरवून पुसले. मला वाटले, शिकवणी सुरू होणार! मी आनंदाने नुसती करकरले. त्यांनी पहिले कार्ड लिहिले. मी वाट बघत होते परक्या शब्दाची. कार्डावर होते, 'किल्ली'. आपल्याच भाषेत. दुसऱ्यावर 'बुधवार'. तिसऱ्यावर शेजारणीचा फोटो आणि तिचे नाव. बाई एकेक चित्र समोर धरून आठवू लागल्या आणि किल्लीपाशी अडल्या. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि बाई अडलेल्याच होत्या. जिने हजार मुलांना शब्द दिले, तिच्या हातून किल्ली निसटत होती. माझ्या लाकडाला वाळवीनेही असा हादरा दिला नव्हता.

त्यांनी कुणालाही सांगितले नाही. रोज सकाळी दहा कार्डे, मोठ्याने. काही शब्द परत आले. काही आले नाहीत.

गाळणीच्या त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी, त्यांनी चहाचे आधण ठेवले आणि माझ्याकडे यायला वळल्या. चार पावले होती. दोन झाली. डॉक्टर नंतर म्हणाले की हृदय एकदम थांबले, त्यांना काही कळलेही नसेल. भांडे करपल्याच्या वासाने शेजारीण धावत आली. मी टेबलावर होते. मला ना हात, ना आवाज.

पाहुणे पांगल्यावर मुंगी आणि तिचा मामा आवराआवर करू लागले.

"ही शाळेतली पेटी भंगारात देऊ का गं?" मामाने मला उचलले. "झाकणसुद्धा नाही हिला. ताईला एक काही टाकवत नसे."

"थांब मामा. आण इकडे."

तिने पहिल्या कप्प्यातले वरचे कार्ड उचलले. गाळणीचे चित्र. मागे शब्द, रविवारची तारीख. ना रेघ, ना टिंब. मुंगी कार्ड हातात घेऊन खुर्चीवर बसली.

"मामा, मी हसले होते रे. गाळणीवरून हसले होते मी."

मामाला काही कळेना. तो एकेक कार्ड काढू लागला. किल्ली. बुधवार. साबण. तिसऱ्या कप्प्यात त्याला स्वतःचाच फोटो सापडला. मागे लिहिले होते, 'हा माझा धाकटा भाऊ. फार बोलतो. मध्येच तोडावे लागते.' मामा हसायला गेला आणि त्याला खालच्या खुणा दिसल्या. सात रेघा, चार टिंबे.

"हे टिंब म्हणजे काय गं?"

"विसरली," मुंगी म्हणाली. "तितक्या वेळा नाव आठवलं नाही."

"चार वेळा?" मामाने टिंबे पुन्हा मोजली. "आणि मी बायकोला सांगत होतो, ताई हल्ली फोनवर तोडून बोलते, शिष्ट झाली आहे."

मग मुंगीला आपलाही फोटो दिसला. पहिल्या कप्प्यात, अगदी तळाशी. तिचा हात थांबला. पहिला कप्पा म्हणजे काय, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक? जे येत नाही ते पहिल्या कप्प्यात.

"उलट ना," मामा म्हणाला.

"नको. मलाही विसरली असेल तर?"

मित्रांनो, मला उत्तर माहीत होते! रोज सकाळी हेच कार्ड बाई सर्वांत आधी काढत, नाव घेत, रेघ मारत आणि स्वतःचाच नियम मोडून पुन्हा पहिल्या कप्प्यात ठेवत. पुढच्या कप्प्यात गेले असते तर ते रोज हातात आले नसते. पण पेटीला कुठे बोलता येते? म्हणून तुम्हाला सांगते. परकी भाषा शिका, रोज दहा शब्द शिका, चुकलात तर लाजू नका. पण जे येते ते मोठ्याने म्हणा, ऐकणारे माणूस समोर आहे तोवर म्हणा. मी बिनझाकणाची असूनही माझ्यात किती काही बंद राहिले.

शेवटी मुंगीने कार्ड उलटले. रेघाच रेघा, कडेपर्यंत, जागा संपली तेव्हा आडव्या. टिंब एकही नव्हते. आणि वाक्य, घरातले, नियमाप्रमाणे: 'मुंगी. माझी मुलगी. त्या दिवशी तिला सगळे येत होते. मला दिसत होते, तरी मी टिंबे दिली.'

मामा तोंड फिरवून खिडकीकडे गेला.

मुंगी उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी, हात बाजूला सरळ. तिने घसा खाकरला. आधी त्या परक्या भाषेतले तीस शब्द आले, एकामागून एक, एवढ्या मोठ्याने की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मग ती आपल्या भाषेत म्हणाली, "येत होतं, बाई. सगळं येत होतं. तुझ्यासमोर चुकायची भीती वाटत होती, म्हणून आवाज फुटत नव्हता. आई, मला अजूनही जे येतं, ते तुझ्याकडूनच आलंय."