जुन्या नाताळचं सोंग

हेडली माझा धाकटा भाऊ. त्याला राग आला की तो बोलत नाही आणि मला राग आला की मी थांबत नाही. त्यामुळे आमची भांडणं आजवर फार टिकली नव्हती. एकटीच बोलून बोलून मी दमायचे आणि चहा टाकायचे. हे एक मात्र टिकलं. ऑक्टोबरात पेटलं, आणि जुना नाताळ, म्हणजे सहा जानेवारी, मावळायला आला तरी त्याने माझा उंबरा ओलांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने तो जाणार होता. मुलीकडे, हजारो मैल पश्चिमेला अल्बर्टात, कायमचा. गुडघे गेले, होडी विकली, आता बर्फ उपसायचं वय राहिलं नाही, असं त्याने गावभर सांगितलं होतं. मला सोडून.

भांडण झालं झाडावरून. झाड म्हणजे खरंखुरं झाड नव्हे. आमच्या धक्क्यावर दर डिसेंबरात शेवंडीचे रिकामे सापळे गोलाकार रचत नेतात, खाली रुंद, वर निमुळते, आणि त्यांवर दिव्यांच्या माळा सोडतात. शेंड्याला फळी, 'शुभ नाताळ' अशी, हेडलीच्या हातची. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अशी झाडं आता पुष्कळ झाली असतील, पण आमच्या पिंचर्स टिकल गावात ते आमच्या वडिलांनी सुरू केलं आणि त्यांच्या मागे हेडलीने चालवलं. जुन्या नाताळच्या संध्याकाळी दिवे उतरवायचे तेही त्यानेच. वडील म्हणायचे, सण वेळेवर उठून गेला पाहिजे, नाहीतर त्याचा चिकट पाहुणा होतो.

मग मासळीच्या कारखान्यात लांबलांबच्या देशांतून माणसं आली, दवाखान्यात नवी डॉक्टर आली, आणि ग्रामसभेत कुणीतरी ठराव आणला. फळीवर 'हिवाळ्याच्या शुभेच्छा' लिहू या, म्हणजे झाड सगळ्यांचं होईल, आणि दिवे बर्फ वितळेपर्यंत राहू देत. झालं! चर्चच्या हॉलमध्ये ही गर्दी. जे ईस्टरलाही देवळाची पायरी चढत नाहीत ते येशूच्या बाजूने उभे राहिले, आणि ज्यांनी नव्या माणसांना कधी साधा नमस्कार केला नव्हता ते त्यांचे कैवारी झाले. ज्यांच्यावरून एवढं रामायण चाललं होतं त्या डॉक्टर नसरीन मागच्या बाकावर बसून विणकाम करत होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नाही.

हात मोजले तर बरोबरी. फक्त माझा राहिला होता. मी तो ठरावाच्या बाजूने वर केला.

हेडली उठला. टोपी हातात घेऊन तो जे बोलला ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण असेल. "दिवे मी जुन्या नाताळलाच उतरवीन, बघू कोण अडवतं. आणि फीनी, हेडली पार्डी या नावाने मी तुझ्या घरात परत पाय ठेवणार नाही."

मी का हात वर केला ते कुणाला सांगितलं नाही. म्हातारपणी फीनीबाईंना नवं वारं लागलं, असं लोक म्हणाले. म्हणू देत. डिसेंबरात झाड मात्र हेडलीनेच रचलं, कारण दुसऱ्याने रचलेलं वाकडं झाड त्याला बघवलं नसतं. जुनी फळी तो घरी घेऊन गेला, नवी रंगवायला कुणी पुढे आलं नाही. यंदा झाड बिननावाचंच उभं राहिलं.

तर जुन्या नाताळच्या त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होता. वारा अजिबात नव्हता. अशा वेळी आमच्याकडे आवाज नाहीसे होतात. समुद्र आहे की गेला तेही कळत नाही आणि घर ढगात उचलून ठेवल्यागत वाटतं. मी चूल भरली, काळा केक कापला, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसतो. आपला भाऊ दिवे काढताना मला बघायचं नव्हतं. त्याचे काढून झाले की तो घरी जाईल, सामान बांधेल, आणि सकाळी बोट सुटेल. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे. आणि लगेच म्हटलं, कसा जाऊ दे?

तेवढ्यात दारावर काठी वाजली.

"सोंगं आत येऊ देता का?"

श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही, ही सोंगांची रीत. नाताळपासून जुन्या नाताळपर्यंत ती घरोघर फिरतात. तोंड झाकलेलं, हात मोज्यात, पोटावर नाहीतर पाठीवर उशी. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की सोंगाने तोंड उघडायचं आणि माणूस होऊन केक खायचा. नाही आलं तर त्याने आलं तसं निघून जावं, कुणी पडदा ओढायचा नाही.

"या, या. पाय झटका," मी ओरडले.

चार आली. पहिलं म्हणजे उशीच्या अभ्र्याला डोळ्यांची भोकं पाडलेली एक भलीमोठी बाई, अंगात मासेमारीचा रबरी कोट. दुसऱ्याने आतली लोकरी विजार पँटवर चढवली होती आणि काखेत ॲकॉर्डियन. तिसरं बुटकं, कुबडं, हसू दाबून दाबून थरथरणारं. चौथं जरा मागे राहिलं होतं. फुलाफुलांचा बायकी झगा, उलटसुलट पायांत घातलेले बूट, आणि तोंडावर विणलेल्या जाळीचा जुना पडदा.

माझ्या मागच्या दारात पूर्वी एक बुटकी तुळई होती. हे घर वडिलांचं. त्या तुळईने सगळ्या गावाची डोकी फोडली होती. माझ्या नवऱ्याने, एलीने, ती केव्हाच कापून काढली. बाकीची तिघं ताठ मानेने आत आली. चौथं सोंग मात्र त्या आता नसलेल्या तुळईखालून वाकून आलं.

सगळी सोंगं आणता येतात, पण अंगवळणाचं सोंग आणता येत नाही. मी चुलीत एक लाकूड सारलं, उगाचच.

लोकरी विजारीने वाजवायला सुरुवात केली. सोंगं नाचली, मीही त्यांच्यात दोन गिरक्या घेतल्या. बुटांवरचा बर्फ वितळून जमिनीवर तळी झाली. ॲकॉर्डियन थांबल्यावर मी ओळखायला बसले.

"क्लेटन, तो तिसरा सूर तुझ्याशिवाय कुणी चुकवत नाही." लोकरी विजारीने तोंड उघडलं. "वर्ना, दुकानातल्या खोबरेल तेलाचा वास घेऊन फिरतेस आणि वर सोंग करतेस?" अभ्रा निघाला. मग कुबडं. त्याच्याभोवती मी एक चक्कर मारली. "डॉक्टरबाई!"

"अय्या! कशावरून?" डॉक्टर नसरीन कुबड काढत खिदळल्या.

"आल्या आल्या माझ्या पायांकडे बघितलंत. सूज उतरली का ते."

"उतरली का?"

"आज सोंगाने सोंगासारखं वागावं. केक घ्या."

मग तिघंही चौथ्याकडे बघू लागली. खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आता नाव घ्यायचं तर त्याची शपथ मोडायची, तीही माझ्या तोंडून, माझ्याच घरात. तो तसाच उठून गेला असता. त्याला मी चांगली ओळखते.

"पाद्रीबाबा?" मी म्हटलं.

सोंगाने नाही म्हणून मान हलवली.

"बोटीचे कप्तान?" नाही. "पोस्टातला लंगडा वॉल्टर?" नाही. मी गावातली सगळी नावं घेतली. मग गावातली संपली म्हणून गेलेल्यांची घेऊ लागले. सुतारकाम करणारे मामा, बुडालेला चुलतभाऊ, आमचे वडील. बाहेर बर्फ तसाच पडत होता आणि क्षणभर मला खरंच वाटलं की पडद्यामागे त्यातलं कुणीही असेल. अशा संध्याकाळी कुणाला यायचं असेल तर अडवतं कोण? "एली?" मी म्हटलं.

सोंगाने खूप वेळाने मान हलवली.

वर्नाने अभ्रा काखेत मारला. "फीनी मावशी, आम्ही पुढच्या घरी निघतो. हे ओळखू येईपर्यंत ठेवून घ्या."

"खायला फार लागतं का त्याला?"

"खायला लागतं, बोलायला लागत नाही," क्लेटन म्हणाला, आणि ती तिघं गेली.

आम्ही दोघंच राहिलो. मी त्याला एलीच्या खुर्चीत बसवलं आणि केक दिला. पडदा थोडा उचलून, खालून, तो मुकाट्याने खाऊ लागला.

"मला एक भाऊ आहे," मी म्हटलं. "तू त्याला ओळखत नसशील. खडूस आहे."

सोंग चावायचं थांबलं.

"उद्या चाललाय. त्याला वाटतं मी आई-वडिलांचा नाताळ विकला. तो समोर असला की मला भांडावंसं वाटतं, म्हणून तुला सांगते. माझा नवरा फेब्रुवारीत गेला. त्या वर्षीही भावाने जुन्या नाताळला दिवे उतरवले होते, नेहमीसारखे. त्याची काही चूक नाही. पण मग ही खिडकी काळी होते. एप्रिलपर्यंत काळीच. नाताळ बारा दिवसांचा असतो रे, हिवाळा केवढा असतो! रोज संध्याकाळी मी इथे बसते आणि समोर काही नसतं. मी हात वर केला तो डॉक्टरबाईंसाठी नाही आणि येशूच्या विरुद्धही नाही. फळीवर त्यांनी काकडीचा भाव लिहिला असता तरी मी हात वर केला असता. मला दिवे हवे होते."

"मग सभेत का नाही सांगितलं?" श्वास आत ओढलेला, घोगरा आवाज.

"सगळ्या गावासमोर उभी राहून सांगू, मला अंधाराची भीती वाटते म्हणून? या वयात?"

चुलीत लाकूड फुटलं. पडद्याच्या जाळीतून वितळलेलं पाणी त्याच्या झग्यावर ठिबकत होतं. मला डुलकी लागल्यासारखं झालं, आणि त्यात मी लहान होते, हा बाजूला होता, आणि आई कुठेतरी भांडी हलवत होती.

"केक आईसारखा झालाय," सोंग म्हणालं. श्वास आत ओढायला विसरून.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. "तुझी आई केक करायची?"

"हो."

"बरी होती का बाई?"

"बहिणीपेक्षा कमी बोलायची."

मग ते उठलं. मोजे चढवले, झगा सारखा केला. मी थांबवलं नाही. कसं थांबवणार? नाव नसलेल्याला 'थांब' म्हणता येतं, पण 'जाऊ नकोस' म्हणायला नाव लागतं. दारातून बाहेर पडताना ते पुन्हा नसलेल्या तुळईखाली वाकलं, पायऱ्या उतरलं, आणि अंगणात वळून उभं राहिलं. बर्फ त्याच्या पडद्यावर साठू लागला. ते जात नव्हतं.

"एकदा ओळख अजून," ते म्हणालं.

तेव्हा मला कळलं की मी मघापासून हुशारी करत बसले होते आणि तो वाट बघत होता. त्याचे दोन्ही बूट माझ्या उंबऱ्याबाहेर, बर्फात होते. आता शपथ मोडत नव्हती.

"हेडली," मी म्हटलं.

त्याने पडदा वर केला. नाक लाल, मिश्या ओल्या, डोळ्यांचं तर विचारूच नका. "एवढा वेळ?" तो म्हणाला.

"ये आत."

"आता नाही येता येत. नाव घेतलंस ना."

"मग मरू दे ते घर," मी म्हटलं. खुंटीवरचा एलीचा कोट अंगावर टाकला, केकची ताटली उचलली, आणि सपाता घालून तशीच बाहेर आले. हाताने पायरीवरचा बर्फ सारला. आम्ही दोघं तिथे बसलो, फुलाफुलांच्या झग्यातला माझा भाऊ आणि मी.

खाली धक्का दिसत होता. झाड पेटलेलं होतं. शेंड्यापासून तळापर्यंत, लाल, हिरवं, पिवळं, प्रत्येक माळ जागच्या जागी, आणि त्यातून बर्फ सावकाश उतरत होता. उतरवायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

"हेडली, दिवे राहिले की रे तुझे."

त्याने खाली बघितलं. आयुष्यात एकही भरती-ओहोटी न चुकवलेला माणूस.

"विसरलो," तो म्हणाला. "आणि उद्या तर बोट सकाळची. राहिलेच म्हणायचे ते आता."

मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई काही बोलली नाही. तो पडद्याने डोळे पुसू लागला तेव्हा कुठे मला तोंड फुटलं.

"आईचा पडदा आहे तो. नाक पुसू नकोस त्याला."

त्याने पुसलंच, आणि पडद्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.