अळ्यांच्या खोलीतली चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण पीठ मी जन्मात चाळलेलं नाही. दुकानात टांगलेली होते तेव्हा मीही स्वयंपाकघराचीच स्वप्नं पाहत होते. एका संशोधक ताईंनी मला उचललं आणि मी येऊन पडले ती थेट अळ्यांच्या खोलीत! पहिल्या दिवशी मला अगदी शिसारी आली. वळवळणाऱ्या अळ्या माझ्यात ओतायच्या, मला हलवायचं, की विष्ठा आणि उरलेला भुगा खाली पडायचा नि अळ्या वर राहायच्या. पुढे त्या वळवळीची इतकी सवय झाली, की सुट्टीच्या दिवशी मला करमेनासं व्हायचं.

या अळ्या कोंबड्यांचं खाद्य होणार होत्या. धान्य ओलं राहिलं की त्याला बुरशी लागते आणि काही बुरशी त्यात विष सोडते. ते धुऊन जात नाही, शिजवूनही पुरतं मरत नाही. ताईंच्या बाबांच्या सगळ्या कोंबड्या अशाच मक्याने गेल्या होत्या. तेव्हापासून त्यांचं खुराडं रिकामं होतं. असा मका अळ्यांनी खाल्ला तर विष त्यांच्या अंगात राहतं का, एवढंच ताईंना शोधायचं होतं. राहत नसेल, तर त्या अळ्या कोंबड्यांना घालता आल्या असत्या. बाबा अधूनमधून फोन करायचे.

"काय गं, आणू का पिल्लं?"

"थोडं थांबा, बाबा."

अळ्यांचं खाणंपिणं तिथे कामाला असलेल्या मावशींकडे होतं. मावशींचा हात मोठा मायेचा. मला धुऊन, पुसून, वर ऊनही दाखवायच्या.

एकदाचा तपासणीचा निकाल आला. अळ्यांत विषाचा मागमूस नव्हता! ताईंनी उभ्या उभ्याच फोन लावला. "बाबा, आणा पिल्लं!"

"खुराडं आजच झाडून घेतो!" बाबांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

मावशी तर हरखूनच गेल्या. "नसणारच की! दळायच्या आधी मी सगळा मका ताटात घेऊन निवडत होते. काळा-हिरवा दाणा दिसला की टाकला बाहेर. मुक्या जिवाला कुणी बुरसटलेलं घालतं का?"

ताईंनी हातातला फोन खाली ठेवला. त्यांनी विष मोजलं होतं ते पोत्यातल्या मक्यात. अळ्यांच्या तोंडी गेला होता तो निवडलेला मका.

"अहो मावशी, त्यांना बुरसटलेलंच घालायचं होतं."

मावशींचा चेहरा पडला. "मग आता?"

"आता सगळं पहिल्यापासून."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी पुन्हा फोन लावला. "बाबा, पिल्लं आत्ता नको." बाबा म्हणाले, "बरं. तू म्हणशील तेव्हा."

मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पुन्हा प्रयोग सुरू झाला. मावशी तोंड फिरवून बुरशीचा मका घालू लागल्या. विषारी भुगा अळ्यांना चिकटून राहू नये म्हणून मीही जीव तोडून काम केलं. पण रोजच्या त्या ओल्या भुग्यापुढे मावशींच्या पुसण्याचं काही चालेना. माझी जाळी गंजली, एका कडेने सुटली आणि अळ्या निसटू लागल्या. नवी चाळणी आली. निकाल लागायच्या आधीच माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली.

इथे फोन वाजलेला ऐकू येतो, बोलणं मात्र ऐकू येत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, बाबाच असतील. मावशींच्या हाताची आठवण येते. ज्या वळवळीला मी नाक मुरडलं, तिच्यासाठीही आता जीव तुटतो.

मित्रांनो, धान्य कोरडं ठेवा. बुरसटलेला दाणा तुमच्याकडच्या कोंबड्यांपुढे टाकू नका. माझ्या बहिणींना ओल्या अंगाने कोपऱ्यात ठेवू नका. आणि कधी त्या बाबांच्या घरावरून गेलात, तर खुराड्यापाशी जरा थांबा. आतून चिवचिव ऐकू आली, तर मला येऊन सांगाल ना?